भिंगांच्या काचेत शिसं का घालतात? ते हाताळणं धोक्याचं असतं का?

काचेत शिशाचा धातू नसतो, त्याचं ऑक्साइड असतं. ते वितळवताना मिसळलं की प्रकाश जास्त वाकतो. साध्या क्राउन काचेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचं माप) साधारण 1.52, शिसं असलेल्या फ्लिंट काचेचा 1.62 आणि भारी फ्लिंटचा 1.80 पर्यंत. वजनही वाढतं: एकाच मापाची दोन भिंगं दोन तळहातांवर घ्या, फ्लिंटचं लगेच कळतं.

पण खरी गंमत रंगांची आहे. फ्लिंट काच रंग जास्त फाकवते. हा दोषच, पण कामाचा. एकट्या भिंगातून चंद्र पाहिला की कडेला जांभळट झालर दिसते. क्राउनच्या बहिर्गोल भिंगाला फ्लिंटचं अंतर्गोल भिंग जोडलं की एकाने फाकवलेले रंग दुसरं बरेचसे गोळा करतं. लंडनच्या जॉन डॉलंडने 1758 मध्ये याचं पेटंट घेतलं. चेस्टर मूर हॉल या इंग्रज वकिलाने ही युक्ती त्याआधीच केली होती, नाव मात्र डॉलंडचं झालं. दुर्बिणीचं पुढचं भिंग आजही बहुधा असंच जोडभिंग असतं.

एक्स-रे खोलीच्या खिडकीलाही शिशाचीच काच, कारण ती किरणं शोषते.

हाताळायला भीती नको, शिसं काचेत पक्कं बांधलेलं असतं. घासताना उडणारी पूड मात्र घातक, म्हणून घरी पॉलिश करू नका. ही काच मऊ असते, चरे पटकन पडतात. हल्ली बऱ्याच ठिकाणी शिशाऐवजी टायटॅनियम, नायोबियमची ऑक्साइडं वापरतात.