प्रोसेसर बदलला आणि ४के ब्लू-रे बंद पडल्या: दोष कशात आहे?

प्रश्न: आय५-८४०० आणि त्याचा मदरबोर्ड काढून आय५-१२४०० बसवला. ब्लू-रे ड्राइव्ह, डिस्क चालवणारं पॉवरडीव्हीडी सॉफ्टवेअर, टीव्ही, केबल सगळं तेच. साध्या ब्लू-रे चालतात, पण ४के डिस्क एकही चालत नाही. ड्रायव्हर दोनदा टाकून झाले. ग्राफिक्स कार्ड घ्यावं लागेल का?

उत्तर: कार्ड घेऊ नका, ड्रायव्हरही तिसऱ्यांदा टाकू नका. ड्राइव्ह आणि डिस्क धडधाकट आहेत. नव्या प्रोसेसरमध्ये एक सोय मुळातच नाही, आणि ती कुठल्याही अपडेटने येणार नाही.

त्या सोयीचं नाव एसजीएक्स, म्हणजे सॉफ्टवेअर गार्ड एक्स्टेन्शन्स. प्रोसेसर रॅमचा एक तुकडा बाजूला काढून तो कुलूपबंद करतो. आत काय चाललंय ते खुद्द विंडोजलाही दिसत नाही. ४के डिस्कवर एएसीएस २ हे कॉपी-संरक्षण असतं, आणि संगणकावर तिची किल्ली अशा कुलूपबंद कप्प्यातच वापरायची, अशी अट. म्हणून पॉवरडीव्हीडीने ४के डिस्कसाठी इंटेलचा ७व्या पिढीपासूनचा प्रोसेसर मागितला. तुमचा ८४०० हा ८व्या पिढीचा, त्यामुळे तो त्यात बसत होता. पुढे इंटेलने ११व्या आणि १२व्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमधून एसजीएक्स काढून टाकलं, आणि १२४०० हा १२व्या पिढीचा. सर्व्हरसाठीच्या झिऑन प्रोसेसरमध्ये मात्र ठेवलं. एएमडीकडे ते कधीच नव्हतं. गंमत म्हणजे हा कप्पा अभेद्य नव्हताच: २०१८ मध्ये फोरशॅडो आणि २०२० मध्ये एसजीॲक्स या हल्ल्यांनी संशोधकांनी तो फोडून दाखवला होता. भुर्दंड मात्र पैसे मोजून डिस्क घेणाऱ्याला.

खात्री करायची तर इंटेलच्या साइटवर दोन्ही प्रोसेसरची माहितीपानं शेजारी-शेजारी उघडा आणि खाली सुरक्षेच्या रकान्यात ‘सॉफ्टवेअर गार्ड एक्स्टेन्शन्स’ ही ओळ बघा. ८४०० ला ते आहे, १२४०० ला नाही. जुन्या बोर्डाच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात) एसजीएक्ससाठी ‘एनेबल्ड’ किंवा ‘सॉफ्टवेअर कंट्रोल्ड’ असा पर्याय सापडतो. नव्या बायोसमध्ये तो शोधत बसू नका.

ग्राफिक्स कार्डाने काही साधणार नाही, कारण या डिस्कसाठी चित्र इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समधूनच, म्हणजे मदरबोर्डाच्या पोर्टातून बाहेर पडावं लागतं. जुन्या संचातही टीव्हीची केबल कार्डात खोचली असती तर डिस्क चालली नसती.

साधी ब्लू-रे चालते, कारण तिचं एएसीएस जुन्या पद्धतीचं आहे. त्याला एसजीएक्स लागत नाही. नेटफ्लिक्सचं ४के पण वेगळ्या वाटेने येतं: तिथे किल्ली मायक्रोसॉफ्टचं प्लेरेडी हे कॉपी-संरक्षण सांभाळतं, ग्राफिक्स चिपच्या मदतीने. ते तुमच्या १२४०० वर एज ब्राउझरमध्ये चालायला हवं. तिथे काळा पडदा किंवा कमी दर्जाचं चित्र दिसलं तर संशय एचडीसीपीवर, म्हणजे एचडीएमआय केबलीतून जाणाऱ्या चित्राच्या कॉपी-संरक्षणावर घ्या. ४केसाठी एचडीसीपी २.२ लागतं, आणि वाटेतल्या प्रत्येक वस्तूला ते यावं लागतं. एचडीएमआय स्प्लिटर आणि जुना होम थिएटर ॲम्प्लिफायर हे नेहमीचे गुन्हेगार. ते काढा, दुसरा मॉनिटर असेल तर तोही काढा आणि केबल थेट टीव्हीत लावून बघा. पहिल्या काही वर्षांच्या ४के टीव्हींत तर एखाद्याच एचडीएमआय पोर्टाला २.२ असायचं, तेव्हा पोर्टही बदलून बघा.

आता डिस्कचं काय करायचं. जुना बोर्ड आणि ८४०० विकले नसतील तर तोच ड्राइव्ह त्याला जोडा, ८ जीबी रॅम आणि विंडोज १० ठेवा, टीव्ही बोर्डाच्याच पोर्टात लावा. इंटेलचे ग्राफिक्स आणि मॅनेजमेंट इंजिनचे ड्रायव्हर पूर्वी चालत होते त्याच आवृत्तीचे टाका. नव्याच्या मोहात पडू नका, कारण एसजीएक्सचा आधार नव्या ड्रायव्हरांतून आणि विंडोज ११ मधून निसटत गेला आहे. कॅबिनेट, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) विकत घेण्याआधी सगळं टेबलावर उघडंच जोडून एक डिस्क लावून बघा. चालली तरच पुढचा खर्च करा. विंडोज १० ला सर्वसाधारण सुरक्षा अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, त्यामुळे या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका.

जुना संच गेला असेल तर केवळ डिस्कसाठी १०व्या पिढीचा सेकंडहँड प्रोसेसर घेणं मला शहाणपणाचं वाटत नाही. सरळ टीव्हीखाली ठेवायचा ४के ब्लू-रे प्लेअर घ्या. एक्सबॉक्स सीरीज एक्स किंवा डिस्क ड्राइव्हवाला पीएस५ घरात असेल तर तेवढंही नको. पीएस४ प्रो मात्र नावाला भुलून घेऊ नका, तो ४के डिस्क वाचत नाही. अमेरिकेहून कुणी प्लेअर आणणार असेल तर मागची पट्टी वाचायला सांगा: फक्त ११०-१२० व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या २३० वर तो जळेल. ४के डिस्कला रीजन (कुठल्या प्रदेशातल्या प्लेअरवर चालेल त्याचं बंधन) नसतो, पण साध्या ब्लू-रेला असतो. भारत रीजन सी, अमेरिका ए. तुमच्या साध्या डिस्कवर फक्त सी असेल तर तिकडच्या प्लेअरवर ती चालणार नाही.