सातबारावर झोन दिसत नाही : वाचकांचे प्रश्न

सातबारा पाहून जागा बांधकामाला चालेल असं धरायचं का, याच गोंधळाचे बरेचसे प्रश्न आलेत, म्हणून एकत्र उत्तरं देतोय. मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्यात बांधकामाची २०२० ची एकत्रित नियमावली (यूडीसीपीआर) चालते, त्याच भागांबद्दल बोलतोय.

सातबारा क्लिअर आहे, तरी झोन दाखला काढायचा का?

हो. मालकी आणि झोन या वेगळ्या गोष्टी आहेत. सातबारा मालकी दाखवतो, झोन म्हणजे आराखड्यात ती जागा कुठल्या वापरासाठी ठेवलीय, आणि त्याचाच दाखला काढायचा.

ग्रामपंचायत घरपट्टी घेते, म्हणजे बांधकाम अधिकृतच ना?

नाही. कर भरल्याने परवानगी मिळत नाही.

प्लॉट तिरका असल्याने एका बाजूला मार्जिन (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) दीड फूट कमी पडतंय, सवलत मिळेल का?

मिळू शकते. खरी अडचण दाखवता आली तर अशी मापं शिथिल करायचा अधिकार नियमावलीत आहे, पण कारण लेखी नोंदवावं लागतं आणि आग, हवा-उजेड, सुरक्षितता याला धक्का लागता कामा नये. प्लॉटचा आकार ही अडचण धरतात, घरात माणसं वाढली ही नाही. आणि कृपा करून आधी स्लॅब टाकून मग अर्ज करू नका, नोटीस आली की सगळं अवघड होतं. मोजणी नकाशा घेऊन आर्किटेक्टकडे जा.

ग्रीन झोनमधला (शेतीचा) दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतोय, एजंट म्हणतो वर्षभरात यलो (रहिवासी) होईल, नाहीतर गुंठेवारीत (परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करायच्या कायद्यात) नियमित होईल. घेऊ का?

टोकनसुद्धा देऊ नका. परवाच एक गृहस्थ असंच ब्रोशर घेऊन आले होते, गुळगुळीत कागद, आखीव रस्ते, क्लबहाऊस, आणि खाली बारीक अक्षरात 'प्रस्तावित'. त्यांच्यासमोर भाग नकाशा (आराखड्यातला त्या जागेपुरता नकाशा) उघडला तर अख्खा गट हिरवा. जागेवर फक्कीच्या रेघा आणि रंगवलेले दगड, सातबारावर मात्र अकरा जणांचं सामाईक नाव, म्हणजे यांचे दोन गुंठे नेमके कुठले हे कागदावर कुठेच नाही, आणि पैसे तर देऊन झालेले! झोन एजंट बदलत नाही आणि ग्रामपंचायतही बदलत नाही. त्याला एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याखाली ठराव, जाहीर सूचना, हरकती आणि शेवटी शासनाची मंजुरी लागते, हे वर्षभरात होईल असं कोणी कशाच्या जोरावर सांगतं? गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतचे प्लॉट त्यात आणले, आज पाडलेला प्लॉट त्यात बसत नाही. शेतघर बांधू म्हणाल तर त्याला ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एकर जमीन लागते. तुकडेबंदी (जमिनीचे फार लहान तुकडे पाडायला मनाई) काही भागात सैल झालीय, पण ती तुमच्या गटाला लागू आहे हे तोंडी ऐकून धरू नका. नगररचना कार्यालयातून गट नंबर टाकून झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः काढा, एजंटने दिलेली झेरॉक्स चालणार नाही, मग वकिलाला दाखवा.

घराच्या खाली क्लिनिक काढता येईल?

समोरच्या रस्त्याची रुंदी आणि पार्किंग यावर ठरतं. मंजूर नकाशा घेऊन आर्किटेक्टला विचारा, वापर बदलाची परवानगी आधी.

आमच्या जागेवर बागेचं आरक्षण आहे, दहा वर्षं झाली, आपोआप उठलं ना?

आपोआप उठत नाही. दहा वर्षांनी एमआरटीपीच्या कलम १२७ ची खरेदी सूचना, म्हणजे 'जागा ताब्यात घ्या' अशी लेखी नोटीस, द्यावी लागते, त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं. ती सूचना स्वतः लिहू नका, मालकीचा एखादा कागद कमी पडला म्हणून फेटाळलेल्या सूचना मी पाहिल्यात. या विषयातला वकील गाठा, आणि या महिन्यातच.