वडिलांच्या केसांच्या तपासणीत तांबं जास्त आलंय, गोळ्या सुरू कराव्यात का? (सांगली)

एवढ्यावरून नको. पारा आणि आर्सेनिकसाठी केस खरंच उपयोगी पडतात. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतो, म्हणून मुळाजवळच्या 3 सेंटिमीटरांत गेल्या तीन महिन्यांचा हिशेब असतो. पण वडील तासगावला द्राक्षबागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारतात म्हणता. त्यातलं तांबं केसांना बाहेरूनच चिकटतं आणि धुऊनही सगळं निघत नाही. कोंड्याच्या शाम्पूतलं झिंक, सेलेनियमही तसंच. 2001 मध्ये अमेरिकेत एकाच व्यक्तीचे केस 6 प्रयोगशाळांकडे पाठवले, तर निकाल आपसांत जुळलेच नाहीत! शिसं रक्तातून, लोह फेरिटिनवरून (लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी) बघतात. मिरजेत चांगल्या फिजिशियनला दाखवा, आणि फवारणीचं आवर्जून सांगा.