खिडकीच्या चौकटीतून पावसाचं पाणी झिरपून खालची भिंत ओली होते, पोपडे निघतात. आतून कोणता वॉटरप्रूफ रंग लावावा?

कोणताही नाही. पाणी बाहेरून येतंय तर ते बाहेरच अडवायचं. आतून रंग मारला की ओल दिसेनाशी होते एवढंच. पाणी भिंतीत मुरत राहतं आणि शेवटी रंगासकट प्लास्टर फुगवतं.

या एका मुद्द्यावरून माझं आणि मोठ्या दिरांचं कित्येक पावसाळे वाजलंय. खिडकीखाली पांढरा खार फुटायचा, भाऊजी म्हणायचे भिंतच कच्ची आहे. दर उन्हाळ्यात पेंटर यायचा, खरवडायचा, पुट्टी भरायचा, वर महागडा रंग. पाऊस आला की पुन्हा पोपडे. एकदा कपाट हलवलं तर मागे काळी बुरशी, आणि त्याच खोलीत दम्याच्या सासूबाई झोपायच्या. मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही.

कोरड्या दिवशी गॅलरीतून खिडकीवर नळीने पाणी सोडलं. आधी खाली, मग बाजूंना, शेवटी वर. सुरुवात वरून केली तर ओघळ सगळीकडे पसरतो आणि पाणी कुठून शिरलं ते कळत नाही. आमच्या सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक भरून पाणी थेट आत सांडलं. ट्रॅकला पाणी बाहेर जायला भोकं असतात, ती बसवणाऱ्याने सिमेंटने बुजवून टाकली होती! भाऊजी म्हणे, भोकं उघडली तर पाऊस आत येईल. मी तारेने उघडली. बाजूच्या फटीतलं तडकलेलं सिलिकॉन (फट बुजवायचा रबरासारखा मसाला) ब्लेडने पूर्ण काढलं, कारण जुन्यावर नवं धरत नाही. फट कोरडी करून बाहेरून न्यूट्रल सिलिकॉन भरलं. दुसरं, आंबट वासाचं सिलिकॉन मिळतं, ते सिमेंटलगत वापरू नका.

खार कोरड्या ब्रशने झाडा, धुतलात तर मीठ परत भिंतीत जातं. भिंत आतपर्यंत सुकेस्तोवर पुट्टीला हात लावायचा नाही, आणि त्याला लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो. त्यानंतर साधा रंगही टिकतो. आमचा टिकलाय. भाऊजींचं म्हणणं अजूनही हेच की शेवटचा रंग चांगला होता. पण तो पाणी बंद झाल्यावर लागला होता, हे ते सोडून देतात.

पाऊस नसतानाही ओल असेल तर खिडकीला दोष देऊ नका, आधी भिंतीतला पाइप तपासा. चौकट लाकडी असेल तर खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. सहज रुतला तर लाकूड कुजलंय, सिलिकॉन भरून उपयोग नाही. आणि वरच्या मजल्यावर असाल तर बाहेरचं काम स्वतः लटकून करू नका, माणूस बोलवा.