‘साधी टेबल वाइन’ इतकी मानाची कशी?

प्रश्न : माझ्या मुलाने इटलीहून ‘तिन्यानेल्लो’ नावाची रेड वाइन आणली. मित्र म्हणतो, ही तीन द्राक्षांची मिसळ आहे, आणि मिसळ म्हणजे हलका माल. शिवाय हिच्या जुन्या बाटल्यांवर म्हणे ‘टेबल वाइन’ असंच छापलेलं असायचं. मग हिचा एवढा बोलबाला का? – एक वाचक

उत्तर : तुमच्या मित्राचं ‘टेबल वाइन’बद्दलचं म्हणणं खरं आहे. ‘हलका माल’ मात्र साफ चूक.

तिन्यानेल्लो हे इटलीतल्या तोस्काना प्रांतातल्या, क्यांती क्लासिको भागातल्या एका द्राक्षमळ्याचं नाव. मळा अंतिनोरी घराण्याचा. क्यांती ही इथली रेड वाइन, आणि तिचा कणा म्हणजे सांजोव्हेजे हे काळं द्राक्ष. पण १९६७ च्या नियमांनी क्यांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षं घालणं बंधनकारक केलं होतं. एकोणिसाव्या शतकात बारोन बेत्तिनो रिकासोली (इटलीचे पंतप्रधानही झाले होते हे गृहस्थ) यांनी क्यांतीचं सूत्र मांडलं, तेव्हा माल्वाझिया हे पांढरं द्राक्ष ताजेपणी प्यायच्या वाइनपुरतंच सुचवलं होतं. मुरवायच्या वाइनमध्ये ते नको, असंच त्यांचं मत होतं. पुढे ही सवलत सक्ती होऊन बसली. पांढऱ्या द्राक्षांनी रंग फिका पडतो आणि अंग पातळ होतं. उत्पादन तेवढं वाढतं.

या घराण्यातल्या पिएरो अंतिनोरींच्या मावशीचे यजमान मारिओ इनचीसा देल्ला रोकेत्ता समुद्राकाठच्या बोलगेरीला काबेर्ने सोव्हिन्यों हे फ्रेंच काळं द्राक्ष लावून बसले होते. त्यांची ‘सासिकाइया’ १९६८ च्या हंगामापासून बाजारात आली. नात्यातलंच उदाहरण समोर असताना पिएरो गप्प बसणं शक्य नव्हतं. जाकोमो ताकिस हे वाइनतज्ज्ञ त्यांच्याकडे होतेच. १९७० च्या हंगामातली वाइन याच मळ्याच्या नावाने, पण क्यांती म्हणूनच निघाली. १९७१ पासून लेबलवरून क्यांती हे नाव गेलं आणि नियमाबाहेरची म्हणून तिला सगळ्यात खालचा दर्जा मिळाला : ‘व्हीनो दा ताव्होला’, म्हणजे टेबल वाइन. १९७५ मध्ये पांढरी द्राक्षं पूर्णपणे बाहेर गेली. १९८२ पासून प्रमाण साधारण तेच आहे : ८० टक्के सांजोव्हेजे, १५ टक्के काबेर्ने सोव्हिन्यों, ५ टक्के काबेर्ने फ्राँ.

मला स्वतःला काबेर्ने घातल्यापेक्षा पांढरी द्राक्षं काढली हेच मोठं काम वाटतं. एकट्या सांजोव्हेजेचा आंबटपणा धारदार, चव आंबट चेरीची, पण रंग बेताचा. काबेर्ने सोव्हिन्योंने रंग गडद होतो, तुरटपणाला बळ येतं. काबेर्ने फ्राँचं काम वासापुरतं : मिरीची किंचित झाक. वर ओकच्या छोट्या पिंपांत वर्षभराहून अधिक मुरणं. मोठमोठ्या जुन्या लाकडी पिंपांची सवय असलेल्या क्यांतीत तेव्हा हीदेखील बंडखोरीच होती. मिसळ म्हणजे उरलंसुरलं एकत्र ओतणं नव्हे. प्रत्येक द्राक्ष वेगळं आंबवतात, मग चाखत चाखत मेळ घालतात. आणि मनासारखं पीक आलं नाही तर वाइनच काढत नाहीत : १९७२, ७३ आणि ७४, सलग तीन हंगाम कोरे गेले. १९८४, १९९२ आणि २००२ देखील.

नियमांनी शेवटी माघार घेतली. १९९६ पासून क्यांती क्लासिको निव्वळ सांजोव्हेजेची करायला मुभा मिळाली, आणि २००६ च्या हंगामापासून तर पांढऱ्या द्राक्षांवर बंदीच आली! तिन्यानेल्लो मात्र परत क्यांती झाली नाही. तुमच्या बाटलीवर ‘तोस्काना आयजीटी’ (फक्त प्रांताचं नाव सांगणारा, क्यांतीहून सैल नियमांचा दर्जा) असं लिहिलेलं असेल, ते याचमुळे.

आता बाटलीवरचं हंगामाचं साल बघा. चार-पाच वर्षांपूर्वीचंच असेल तर घाई नको. मी पहिल्यांदा अशीच कोवळी बाटली उघडली, तीही उकाड्यात, गार न करता. जीभ टाळ्याला चिकटली आणि मीही ‘एवढा बोलबाला कशाला’ म्हणून मोकळा झालो. उरलेली अर्धी बाटली बूच लावून ठेवली आणि दुसऱ्या संध्याकाळी घोट घेतला, तेव्हा तुरटपणामागची चेरी सापडली. तुम्ही उघडाल तेव्हा सोळा-सतरा अंशांवर आणा, रुंद भांड्यात ओता आणि तास-दोन तास तशीच राहू द्या. मित्राला बोलवायचं असेल तर लेबल झाकून द्या.