'वेअरेबल'ला 'परिधेय' म्हणावं का?

कपड्यांत आणि दागिन्यांत दिवे, संवेदक (सेन्सर), सर्किट बसवून केलेल्या प्रयोगांवर एक वाचक लेख लिहीत आहेत. 'वेअरेबल'साठी 'परिधेय' आणि 'इंटरॅक्टिव्ह टेक्स्टाइल'साठी 'संवादी वस्त्र' चालेल का, असं त्यांनी विचारलंय. नमुन्याचं वाक्यही दिलंय: 'हे संवादी परिधेय प्रेक्षकाशी अंतःक्रिया साधते.'

'परिधेय' व्याकरणात चोख आहे. पेय, देय, ज्ञेय यांच्याच चालीचा शब्द. परिधान करण्याजोगं ते परिधेय. पण मग साधा सदराही परिधेयच की! इंग्रजीत मुळात 'वेअरेबल कॉम्प्युटर' होता; पुढे कॉम्प्युटर गळला आणि विशेषणच नाम होऊन बसलं. मराठी वाचकाला तो गळलेला शब्द कुठून आठवणार? शिवाय आपल्याकडे सगळं एकाच क्रियापदात मावत नाही. सदरा घालतात, साडी नेसतात, शाल पांघरतात, फेटा बांधतात, चष्मा लावतात, गजरा माळतात. म्हणून शक्य तिथे वस्तूचंच नाव घ्यावं: अंगठी, बाही, झगा. सगळ्यांना मिळून एक शब्द हवाच असेल, तर 'वेअरेबल' तसाच ठेवलेला मला चालतो.

'संवादी'ला मात्र माझा विरोध आहे. मराठीत संवादी म्हणजे जुळणारा, मेळ असलेला; विसंवादीच्या उलट. संवादी वस्त्र म्हटलं की मला रंगसंगती साधलेली ओढणी दिसते. इथे साद आणि प्रतिसाद आहे, म्हणून 'प्रतिसादी' म्हणा. या शब्दाने एक भेदही आपोआप स्पष्ट होतो. जपानी कलाकार अत्सुको तानाका यांनी 1956 मध्ये रंगीत बल्ब आणि नळ्यांचा पोशाख केला. फॅशन डिझायनर हुसेन चलायन यांच्या 2007 च्या झग्यात सुमारे 15,000 एलईडी होते. दोन्ही उजळतात, पण समोर कोण आहे याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. ते नुसते प्रकाशमान. फॅशन डिझायनर यिंग गाओ यांचे 2013 चे दोन झगे मात्र कुणी टक लावून पाहिलं की नजर टिपून हलू लागतात. ते प्रतिसादी. (अशा कपड्यांना 'विजेरी पोशाख' म्हणणं मोहक वाटतं खरं, पण विजेरी म्हटल्यावर हातातली बॅटरीच आठवते.)

त्यांच्या मसुद्यात 'वाहक धागा' असाही शब्द आहे. शाळेच्या पुस्तकातला 'सुवाहक' जास्त नेमका. आणि विणताना धागा, पण शिवताना दोरा! हा फरक मी हाताने शिकलो. 2007 साली लिलीपॅड आर्डुइनो ही कापडावर शिवायची छोटी संगणक-पाटी आली. त्या गोल पाटीला कडेने भोकं असतात. त्यांतून सुवाहक दोरा ओवून, धावदोरा घालत सर्किट कापडावर शिवायचं. माझा एलईडी काही केल्या लागेना. शेवटी कापड उलटं केलं, तर गाठीपाशी सोडलेलं दोऱ्याचं शेपूट शेजारच्या टाक्याला टेकलेलं. या दोऱ्यावर तारेसारखं प्लॅस्टिकचं वेष्टण नसतं. चांदीचा मुलामा दिलेलं नायलॉन किंवा स्टीलचे बारीक तंतू उघडेच असतात. शेपूट कापलं आणि दिवा लागला. तेव्हापासून मी 'टाका शॉर्ट झाला' म्हणतो, आणि त्याला मराठी प्रतिशब्द शोधत नाही.

जुना शब्द हवा असेल तर 'जरतारी' आहे. जर म्हणजे सोनं, तार म्हणजे तार. कापडात धातू विणण्याला आपल्याकडे कधीचंच नाव आहे. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी कापडी सर्किटसाठी भारतात विणलं जाणारं असंच रेशमी ऑर्गन्झा (झिरझिरीत कापड) वापरलं. त्यात उभे धागे निव्वळ रेशमाचे आणि आडव्या धाग्यांवर धातूचा पातळ पत्रा गुंडाळलेला. त्यामुळे वीज आडवीच वाहते, शेजारशेजारच्या सुट्या तारांसारखी. तरी 'जरतारी' हे अख्ख्या प्रकाराचं नाव करू नये. त्यातून झगमग कळते, सर्किट कळत नाही.

राहिलं वाक्य. 'अंतःक्रिया साधते' काढून टाका आणि कापड काय करतं तेच सांगा: 'कुणी जवळ आलं की हा झगा उजळतो.' प्रतिसादी हा शब्द मग मथळ्यात एकदा आला तरी पुरे.