प्रतिक्रियेत शिवी नव्हती, तरी ती दिसली का नाही?

तुमचा प्रश्न असा: बातमीखाली सभ्य भाषेत प्रतिक्रिया लिहिली, ती दिसलीच नाही. ही सेन्सॉरशिप नाही का, आणि हे ठरवायला तिथे नेमकं कोण बसलेलं असतं?

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी. मी बसायचे. इंदूरच्या एका बातम्यांच्या पोर्टलमध्ये, हिंदी आणि मराठी दोन्ही आवृत्त्यांसाठी, तीन वर्षं. त्यातलं दीड वर्ष रात्रपाळी. पडद्यावर प्रतिक्रियांची रांग आणि बाजूला तीन बटणं: मंजूर, रद्द, होल्ड. एका प्रतिक्रियेला पाच-सात सेकंद. जास्त विचार करत बसलं की रांग फुगायची आणि शिफ्ट इनचार्ज खुर्चीमागे येऊन उभे राहायचे.

पण माणसाच्या आधी यंत्राची चाळणी असते, आणि तुमची प्रतिक्रिया बहुधा तिथेच अडकली असेल. चाळणी म्हणजे शिव्यांची यादी. आमची यादी हिंदीवाल्यांनी बनवलेली. एकदा सेंद्रिय शेतीच्या बातमीखाली सांगलीकडच्या एका शेतकऱ्यानं लिहिलं की गांडूळखतानं त्याच्या उसाला फरक पडला. यंत्रानं अडवलं. त्यानं पुन्हा लिहिलं, पुन्हा अडवलं. असं पाच वेळा. 'गांडूळ'मधला शेवटचा ळ झाकून वाचा, म्हणजे कारण कळेल. हिंदीत त्या प्राण्याला केंचुआ म्हणतात, तेव्हा यादी करणाऱ्याला बिचाऱ्याला कुठून सुचणार? सहाव्या वेळी शेतकऱ्यानं नुसतं लिहिलं, 'मी असं काय वाईट बोललो?' ते यंत्रानं सोडलं, आणि तेव्हा कुठे मला प्रकार समजला. आणि हे कुठे, तर इंदुरात! अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इथे होते आणि त्यांनी बसवलेली कंपोस्ट करण्याची रीत जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. खऱ्या शिव्या देणारे मात्र अक्षरांमध्ये टिंबं घालून नाहीतर रोमन लिपीत लिहून आरामात आत यायचे.

माणूस रद्द करतो त्याची कारणं वेगळी. तुम्हाला वाटतं तशी ती दर वेळी मताशी जोडलेली नसतात. एका लैंगिक अत्याचाराच्या बातमीखाली कुणा बाईंनी फार मायेनं चार ओळी लिहिल्या होत्या: मुलीचं नाव, ती कुठल्या शाळेत होती, रांगोळी किती छान काढायची. वाचून माझे डोळे भरून आले आणि मी 'रद्द' दाबलं. पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. तेव्हा दंड संहितेचं कलम २२८-अ होतं, आता न्याय संहितेचं ७२. त्या बाईंना नक्की वाटलं असेल की आपलं दुःखसुद्धा ह्यांना खुपलं.

मग नुसतं नाव काढून बाकीचं का नाही छापलं? इथेच वर्तमानपत्र आणि वेबसाइट वेगळे पडतात. माझे आजोबा इंदूरच्या 'नईदुनिया' ह्या हिंदी दैनिकाला पोस्टकार्डं पाठवायचे, राहुल बारपुते संपादक होते त्या काळात. पत्र निम्मं कापून आलं तरी आबा ते रामबागेत सगळ्यांना दाखवत फिरायचे. संपादकानं आपल्या मजकुरावर कात्री चालवली हाच मान. आम्हाला मात्र एका शब्दालाही हात लावायची मनाई होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ प्रमाणे लोकांनी लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी वेबसाइटवर येत नाही, पण त्या मजकुरात फेरफार केला की हे कवच डळमळतं. २०२१ च्या नियमांनी एवढं स्पष्ट केलंय की आक्षेपार्ह मजकूर स्वतःहून काढला तर कवच जात नाही. म्हणजे काढणं सुरक्षित, सुधारणं धोक्याचं. अख्खी ठेवा नाहीतर अख्खी उडवा, असाच खाक्या त्यातून पडतो.

भीती म्हणाल तर प्रशिक्षणात वकीलसाहेबांनी डेल्फीची गोष्ट सांगितली होती. डेल्फी हे एस्टोनियातलं बातम्यांचं पोर्टल. २००६ मध्ये एका फेरीबोट कंपनीवरच्या बातमीखाली १८५ प्रतिक्रिया आल्या, त्यातल्या वीसेक धमक्या आणि शिवीगाळीच्या. कंपनीच्या मालकाच्या वकिलांनी कळवलं त्याच दिवशी पोर्टलनं त्या काढल्या, तरीही कोर्टानं भरपाई द्यायला लावली, आणि २०१५ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं ते चुकीचं नाही म्हटलं. भरपाई किती, तर ३२० युरो! पण कंपन्यांचे वकील रकमेला घाबरत नाहीत, पायंड्याला घाबरतात. आपल्याकडे त्याच वर्षी श्रेया सिंघल खटल्यात सुप्रीम कोर्टानं ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिण्याला शिक्षा देणारं कलम ६६-अ रद्द केलं आणि कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश आल्याशिवाय मजकूर काढायची सक्ती नाही असंही सांगितलं. सक्ती नाही. मनाई पण नाही.

आता सेन्सॉरशिप. आबांच्या तोंडी सेन्सॉर म्हणजे १९७५. सरकारी माणूस मजकूर पास करणार, मगच छपाई. घटनेतलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य मुख्यतः सरकारच्या विरोधात मागता येतं, खासगी वेबसाइटनं तुमचं लिहिलेलं छापलंच पाहिजे असं त्यातून निघत नाही. त्या हिशेबानं तुमच्या प्रतिक्रियेचं जे झालं ती सेन्सॉरशिप नव्हे.

पण तिसरं बटण राहिलं ना! होल्ड म्हणजे मुळात 'वरच्यांना विचारा'. एका नव्या कॉलनीची बातमी होती, तिच्या बिल्डरची जाहिरात आमच्याच पानाच्या माथ्यावर झळकत होती. बातमीखाली अकरा रहिवाशांनी लिहिलं की नर्मदेच्या पाण्याची लाइन दाखवून प्लॉट विकले, बोअरिंग आटलंय, पाणी टँकरनं येतं. कुठल्या तारखेला किती टँकर आले तेसुद्धा. एकही अपशब्द नाही. इनचार्ज म्हणाले, 'अभी होल्ड पे रखो.' नवव्या दिवशी कुणीतरी जुनी रांग साफ करताना त्या अकराही मंजूर करून टाकल्या. तोवर ती बातमी कोण उघडतंय? आमच्या महिन्याच्या अहवालात त्या बातमीपुढे 'रद्द: शून्य' असं दिसत होतं. मला विचाराल तर सेन्सॉरशिप ती.

म्हणून पुढच्या वेळी पाठवण्याआधी मजकुराची प्रत ठेवा, कुणाचं नाव-पत्ता-फोन नंबर असेल तर काढा. तरी दिसली नाही तर वेबसाइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. नियमाप्रमाणे २४ तासांत पोच आणि ७ दिवसांत (२०२६ च्या बदलाआधी १५) निकाल मिळायला हवा. त्यात 'का काढली' असं विचारू नका, ठरलेलं छापील उत्तर येतं. 'रद्द केलीय की होल्डवर आहे' असं विचारा.

त्या अकरांपैकी एक माझ्या मावशीच्या शेजारीणबाई निघाल्या. गणपतीत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, 'तुमच्या साइटचं काहीतरी बिघडलंय गं, माझं लिहिलेलं मेलं जातच नव्हतं.'

मी म्हटलं, 'हो काकू, सर्व्हर स्लो होता.'